जॉइंट वाजला म्हणून अख्खा शाफ्ट बदलायचा का? ट्रकमालकांनी खर्चाआधी काय तपासावे

शहाड : माल भरून मुरबाडकडून आलेली दहा चाकी गाडी शहाडच्या रेल्वे पुलाच्या चढाला लागते. पुढे कोंडी. ड्रायव्हर थांबतो, पुन्हा पहिला गिअर टाकतो, क्लच सोडतो आणि खालून 'ठक्' असा आवाज येतो. दोन दिवस तसेच रेटले जाते. तिसऱ्या दिवशी गाडी पन्नासच्या पुढे गेली की केबिनमधला आरसा थरथरायला लागतो. मग मालक गाडी कंपनीच्या वर्कशॉपला लावतो आणि सांगितले जाते, "शाफ्ट असेंब्ली बदलावी लागेल."

एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या मालकाला हा आकडा जड जातो. गाडीचा हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही आणि गाडी मात्र उभी. अशा वेळी दोन चुका होतात. एक तर घाबरून सगळे नवे टाकले जाते, नाही तर पैसे नाहीत म्हणून रस्त्याकडेला कुठेतरी वेल्डिंग मारून काम ढकलले जाते. पहिल्या चुकीत खिसा कापला जातो, दुसरीत जीव जाऊ शकतो. या दोन्हींच्या मधे बरेच रस्ते आहेत आणि त्यातला योग्य कोणता, हे बिघाड नेमका कुठे आहे यावर ठरते.

शाफ्टचे काम काय?

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेणारी लांब लोखंडी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजात कोणी त्याला शाफ्ट म्हणतो, कोणी नुसते 'जॉइंट'. गिअरबॉक्स चॅसीला बांधलेला असतो, पण मागचा ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होत असतो. त्यामुळे सरळ दांडा टाकून भागत नाही. दोन्ही टोकांना वळू शकणारे सांधे लागतात. या सांध्याच्या मधे अधिक चिन्हासारखा जो तुकडा असतो तोच 'क्रॉस'. त्याच्या चार टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरच्या चार टोप्या, म्हणजे कॅप बसतात आणि त्या योकमध्ये, म्हणजे दोन कानांच्या पकडीत अडकतात.

खड्ड्यात चाक गेले की गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधले अंतरही कमी-जास्त होते. त्यासाठी शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात सरकतो. तो सरकणारा दातेरी भाग म्हणजे स्लिप जॉइंट. लांब गाडीत एकच नळी टाकली तर ती वेगात धनुष्यासारखी वाकू पाहते, म्हणून शाफ्टचे दोन किंवा तीन तुकडे करतात आणि मधे चॅसीला टांगलेले सेंटर बेअरिंग देतात. त्याच्याभोवती रबर असते.

म्हणजे एका शाफ्टमध्ये क्रॉस, योक, नळी, स्लिपचे दाते, सेंटर बेअरिंग, त्याचे रबर आणि फ्लेंजचे बोल्ट इतक्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. सगळ्या एकाच दिवशी खराब होत नाहीत. बहुतेक वेळा क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग जाते. उरलेला शाफ्ट चांगलाच असतो. खर्च वाचवण्याची खरी जागा इथे आहे.

हा सांधा जुना आहे. इटलीचे कार्डानो आणि इंग्लंडचे रॉबर्ट हूक यांची नावे त्याला जोडलेली आहेत. मोटारीसाठी त्याचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ मध्ये घेतले. आपल्याकडेही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आणि पुण्याजवळ चाकणला असे शाफ्ट आणि क्रॉस बनतात. गाडीच्या कंपनीचे नाव छापलेल्या डब्यातला भाग अनेकदा अशाच पुरवठादार कारखान्यातून आलेला असतो, हे लक्षात ठेवले तर पुढचा हिशेब सोपा होतो.

आवाज कोणता, दुखणे कोणते

गाडी मिस्त्रीकडे नेण्याआधी ड्रायव्हरने आवाज नीट ऐकला तर निम्मे काम होते.

क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना 'ठक्' असा एकच ठोका येत असेल, तर क्रॉसमध्ये किंवा स्लिपच्या दात्यांत ढील आहे. कधी फ्लेंजचा बोल्ट सैल झालेला असतो, तो आधी पाहावा.

गाडी हळू चालवताना पाखरासारखे 'चीं चीं' ऐकू येते आणि वेग वाढला की आवाज हरवतो, तर क्रॉस कोरडा पडला आहे. कॅपच्या कडेला तांबूस भुकटी दिसली की समजावे, आतले ग्रीस संपून लोखंड लोखंडाला खात आहे. अशा क्रॉसला नंतर कितीही ग्रीस भरले तरी झिजलेले परत येत नाही.

भरलेली गाडी जागेवरून उचलताना खालून थडथड होते आणि वेग घेतल्यावर थांबते, तर सेंटर बेअरिंगचे रबर फाटले असण्याची शक्यता जास्त. सतत घरघर येत असेल तर बेअरिंग स्वतःच गेले आहे.

ठराविक वेगालाच गाडी थरथरते, त्याच्या खाली-वर नाही, तर शाफ्टचा तोल बिघडला आहे. नळीला पोच पडलेला असेल, नळी वाकली असेल, तोलासाठी कारखान्यात चिकटवलेली छोटी पट्टी निघाली असेल किंवा मागच्या वेळी शाफ्ट चुकीचा जोडला असेल.

इथे चाकाची थरथर आणि शाफ्टची थरथर यात गल्लत होते. त्यासाठी साधा हिशेब उपयोगी पडतो. ट्रकच्या मोठ्या टायरचा घेर साधारण सव्वातीन मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेते. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर सहाच्या आसपास असेल तर त्याच वेळी शाफ्ट मिनिटाला १,८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३० फेरे फिरतो. म्हणून चाकातला दोष डुलल्यासारखा संथ जाणवतो, तर शाफ्टचा दोष बारीक, झणझणीत असतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाली की क्षणभर क्लच दाबून पाहावा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनात नाही, त्याच्या मागे आहे. ही चाचणी उतारावर किंवा घाटात मात्र कधीच करू नये.

आणखी एक. इंजिन रेस घेते, शाफ्टही फिरतो, पण गाडी जागची हलत नाही, तर ॲक्सल किंवा डिफरन्शियल गेले आहे. अशा वेळी शाफ्टवर खर्च करून काही उपयोग नाही.

खाली शिरण्याआधी चाकाला गुटके

शाफ्ट हाताने हलवून ढील तपासता येते, पण त्याआधी गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला आणि चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके हवेतच. गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली की ती हलणार नाही, अशी सवय अनेकांना असते. पण गिअर गाडीला धरून ठेवतो तो शाफ्टमधूनच. शाफ्टचे बोल्ट काढले की गिअरचा धर संपला. उतारावर उभी असलेली गाडी त्या क्षणी खाली असलेल्या माणसाच्या अंगावरून जाऊ शकते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणेही तितकेच धोक्याचे.

तपासताना योकजवळ दोन्ही हातांनी शाफ्ट धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवावा. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल अशी ढील नको. मग स्लिप जॉइंट पिळून पाहावा. सेंटर बेअरिंगचे रबर बोटाने दाबून चीर शोधावी. नळीवरून हात फिरवून पोच बघावा आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळते का तेही पाहावे. पंधरा मिनिटांचे काम, खर्च शून्य.

स्वस्तापासून महागाकडे

पहिला उपाय ग्रीसगन. क्रॉस कोरडा असला तरी ढील नसेल, तर ताजे ग्रीस भरून तो वाचू शकतो. निप्पलमधून ग्रीस भरताना चारही कॅपच्या सीलमधून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचे. तीन बाजूंनी आले आणि चौथीतून आले नाही, तर ती चौथी कॅप कोरडीच राहिली. पुढे तुटतो तो याच बाजूने. मिस्त्री दोन पंप मारून 'झाले' म्हणत असेल तर मालकाने वाकून बघावे. कंपनीच्या पुस्तिकेत ग्रीसचे अंतर दिलेले असते, पण खडी, वाळू, विटा वाहणाऱ्या गाड्यांनी त्याच्या आधीच ग्रीस करावे. पावसाळ्यात उल्हास नदीचे पाणी रायते परिसरात रस्त्यावर येते. अशा पाण्यातून गेलेल्या किंवा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला लगेच ग्रीस करणे, हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

दुसरा उपाय फक्त क्रॉस बदलणे. योकचे कान सरळ असतील आणि कॅप त्यात घट्ट बसत असतील, तर शाफ्ट बदलण्याचे कारणच नाही. क्रॉसचा किट चार कॅप आणि लॉकसह मिळतो. जुना क्रॉस सोबत नेऊन कॅपचा व्यास आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मोजूनच नवा घ्यावा. दिसायला सारखे पण एखाद-दोन मिलिमीटर कमी-जास्त असे बरेच क्रॉस बाजारात आहेत. काम शक्यतो प्रेसवर करून घ्यावे. मोठ्या हातोड्याने ठोकून कॅप घातली की योकचे कान वाकतात, आतली एखादी सुई आडवी पडते आणि नवा क्रॉस महिनाभरात वाजू लागतो. बसवल्यावर सांधा चारही दिशांना हाताने मोकळा वळला पाहिजे.

तिसरा उपाय सेंटर बेअरिंग आणि रबर. नुसते रबर फाटले असले तरी बेअरिंगही त्याच वेळी बदलावे, कारण मजुरी एकदाच लागते. बेअरिंगचा क्रमांक त्याच्या कडेवर कोरलेला असतो. तो दाखवला की बेअरिंगच्या दुकानात तोच नामांकित कंपनीचा मिळतो.

चौथा उपाय नळी बदलणे. नळी वाकली, पोचली किंवा वेल्डिंगजवळ चीर पडली, पण दोन्ही टोकांचे योक आणि दाते शाबूत आहेत, अशा वेळी लेथवर जुनी नळी कापून नवी बसवता येते. कल्याण, भिवंडी, कळंबोली यांसारख्या अवजड गाड्यांच्या पट्ट्यात अशा कामाची चौकशी करावी. अट एकच. काम करणाऱ्याकडे बॅलन्सिंग मशीन हवे किंवा शाफ्ट पुढे बॅलन्सिंगला पाठवायला हवा.

पाचवा उपाय स्लिपचा जोड बदलणे. दाते झिजले असतील तर आतला-बाहेरचा जोड मिळून बदलावा. फक्त एकच बाजू नवी टाकली की जुने दाते नव्याला लवकर खातात.

सहावा उपाय तयार दुरुस्त केलेला किंवा वापरलेला शाफ्ट. काही वाहन कंपन्या जुना भाग घेऊन कारखान्यात दुरुस्त केलेला भाग वॉरंटीसह देतात. टाटा मोटर्सची 'प्रोलाइफ' योजना अशीच आहे. आपल्या मॉडेलसाठी काय उपलब्ध आहे, हे पार्टच्या काउंटरवर विचारायला पैसे पडत नाहीत. मोडीत निघालेल्या गाडीचा शाफ्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या बाजारातही सापडतो. पण त्याची लांबी, फ्लेंजची भोके, दात्यांची संख्या जुळली पाहिजे आणि तो बसवण्याआधी दोन्ही क्रॉस नवे घालून बॅलन्सिंग करून घ्यायला हवे. हा खर्च धरूनच किंमत ठरवावी. दुकानाची पावती घ्यावी, चोरीच्या मालाचा ताप नको.

सातवा उपाय पुरवठादार कंपनीचा नवा शाफ्ट. सगळेच गेलेले असेल तर नवा शाफ्ट घ्यावाच लागतो. पण तोही दोन ठिकाणी विचारावा. एक भाव कंपनीच्या काउंटरचा, दुसरा त्याच दर्जाच्या कारखान्याच्या नावाने खुल्या बाजारात मिळणाऱ्या शाफ्टचा.

लेथवाल्याला काय विचारायचे

शाफ्ट खोलण्याआधी स्लिपच्या दोन्ही भागांवर आणि फ्लेंजवर खडूने नव्हे, तर पंचने खूण करून घ्यावी. त्यामागे कारण आहे. क्रॉसचा सांधा कोनात फिरताना एकाच फेरीत दोनदा थोडा वेगात आणि दोनदा थोडा हळू फिरतो. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असतील तर पुढच्या सांध्याची ही चढ-उतार मागचा सांधा खोडून काढतो. जोडताना दाते एक-दोन घर चुकले, तर ती चढ-उतार थेट डिफरन्शियलला जाते. सगळे सामान नवे असूनही गाडी थरथरते आणि मालकाला वाटते, पार्ट नकली निघाला.

नळी बदलली असेल तर चार गोष्टी विचाराव्यात. नळीचा व्यास आणि जाडी मूळइतकीच आहे का? लांबी मूळइतकी ठेवली का? नळी सरळ आहे, हे डायल लावून तपासले का? बॅलन्सिंग मशीनवर केले की अंदाजाने? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'अंदाजाने' असेल तर ते काम स्वस्त पडत नाही. सेकंदाला ३० फेरे घेणारा बेतोल शाफ्ट आधी सेंटर बेअरिंग खातो, मग गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंग आणि सील, मग डिफरन्शियलचे पिनियन बेअरिंग.

अस्सल की नक्कल

नकली क्रॉसमध्ये लोखंडाचा कडकपणा कमी असतो. वरून चकाकी सारखीच दिसते. डोळ्यांनी ओळखणे अवघड असले तरी काही गोष्टी तपासता येतात. डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. डब्यावरचा पार्ट क्रमांक आणि वस्तूवर कोरलेला क्रमांक जुळला पाहिजे. क्यूआर कोड असेल तर मोबाइलवर तपासावा. नेहमीपेक्षा फारच स्वस्त भाव आणि बिल द्यायला टाळाटाळ, ही जोडी दिसली की दुकान बदलावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधी बहुतांश भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या दराने केलेले अंदाजपत्रक कोणी दाखवले तर ते नव्याने मागावे.

इथे पैसे वाचवू नयेत

ढिली झालेली कॅप योकला वेल्डिंगचे टिपके मारून बसवणे, कॅपखाली पत्र्याचा तुकडा घालणे, तुटलेल्या योकच्या कानाला वेल्डिंगने भर देणे, चिरलेल्या नळीवर पट्टी मारणे, हे सगळे प्रकार रस्त्यावर चालतात. गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतेही ते धोक्याचे आहेत. योकचे लोखंड घडवलेले आणि उष्णतेने कडक केलेले असते. त्यावर वेल्डिंगची आच लागली की तिथला कडकपणा जातो आणि पुढचा झटका तिथेच फोडतो.

बोल्टचेही तसेच. फ्लेंजचे बोल्ट साध्या हार्डवेअरच्या दुकानातले चालत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर त्याची ताकद सांगणारा आकडा असतो, जसे ८.८ किंवा १०.९. जो आकडा मूळ बोल्टवर आहे तोच किंवा कंपनीने सांगितलेलाच घ्यावा. लॉकनट एकदा खोलला की नवा टाकावा. काही रुपयांच्या बोल्टवर सगळा भार असतो.

शाफ्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होते, हे समजले की ही काटकसर कोणी करणार नाही. पुढचे टोक सुटले तर ते रस्त्यावर आपटते, गाडीला ढकलते. फिरणारा शाफ्ट शेजारून गेलेले हवेचे पाइप तोडू शकतो. आणि माळशेजच्या उतारावर तुटला तर आणखी एक गोष्ट घडते. इंजिनचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा रोध चाकांपर्यंत पोहोचतो तोही शाफ्टमधूनच. शाफ्ट गेला की भरलेल्या गाडीचा सगळा भार एकट्या चाकांच्या ब्रेकवर येतो. म्हणून कल्याण-मुरबाड-माळशेज मार्गावर चालणाऱ्या गाडीचा वाजणारा क्रॉस 'पुढच्या फेरीला बघू' म्हणून सोडू नये. शाफ्टखाली सुरक्षेची लोखंडी पट्टी असेल तर ती काढून ठेवू नये.

क्रॉस वारंवार तुटत असेल तर

एकाच गाडीचा क्रॉस काही महिन्यांत पुन्हा-पुन्हा जात असेल, तर आणखी एक क्रॉस विकत घेणे हा उपाय नाही. आधी कारण शोधावे. जास्त माल बसावा म्हणून पाटे वाढवले की मागचा ॲक्सल खाली-वर होतो आणि शाफ्टचा कोन बदलतो. चॅसी वाढवलेल्या गाडीतही तेच. गिअरबॉक्सचे रबर माउंटिंग बसले, पाट्याचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकला, तरी कोन बिघडतो. आणि चिखलात रुतलेली गाडी जोरात रेस देऊन झटक्याने क्लच सोडत बाहेर काढायची सवय असेल, तर कोणत्याही कंपनीचा क्रॉस टिकणार नाही. अशा वेळी खालची माती उकरून, फळी घालून गाडी काढणे स्वस्त पडते.

कंपनीच्या वर्कशॉपला केव्हा जावे

गाडी वॉरंटीत असेल तर आधी तिथेच जावे. वॉरंटी पुस्तिकेत शाफ्टचे कोणते भाग किती काळ किंवा किती किलोमीटरपर्यंत धरले आहेत, ते वाचावे. बाहेर खोललेल्या भागावर दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. डिफरन्शियल किंवा गिअरबॉक्समधून आवाज येत असेल, किंवा बाहेर दोनदा काम करूनही थरथर जात नसेल, तरी कंपनीचे वर्कशॉप बरे. पण तिथेही मालकाने तीन गोष्टी मागाव्यात. काम सुरू करण्याआधी लेखी अंदाजपत्रक. 'असेंब्ली' का, सुटा भाग का नाही, याचे कारण. आणि काढलेले जुने सामान परत. जुना क्रॉस हातात आला की तो खरोखर झिजला होता का, हे कोणताही मिस्त्री सांगू शकतो.

कायदा मालकाच्या बाजूने किती?

बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू न देणे हा प्रश्न देशात आधीच गाजला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना याच कारणावरून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. ते मोटारींविषयी होते, पण गाडी कुठे दुरुस्त करायची हे मालकाने ठरवायचे, हा मुद्दा त्यातून ठळक झाला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे आहेत.

ट्रक हे धंद्याचे वाहन, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी वस्तू वापरणारी व्यक्ती ग्राहकच ठरते. म्हणजे स्वतःची एक गाडी स्वतः चालवून घर चालवणाऱ्याला तक्रार करता येते. अनेक गाड्यांचा ताफा असलेल्याचे तसे नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यातून सुटले नाही तर जिल्हा आयोग आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. अट एकच, बिल आणि जॉबकार्ड हवे. रोखीत, बिलाशिवाय केलेल्या कामाची दाद मागणे फार अवघड जाते. हे बाहेरच्या गॅरेजलाही लागू आहे. साध्या लेटरपॅडवरची, तारीख आणि गाडी क्रमांक लिहिलेली पावतीही जपून ठेवावी.

उभ्या गाडीचाही हिशेब धरा

स्वस्त काय, हे फक्त पार्टच्या किमतीवर ठरत नाही. समजा, एका ठिकाणी काम पाच हजारांनी स्वस्त आहे, पण नळी बॅलन्सिंगला पाठवून परत यायला चार दिवस लागणार आहेत. गाडी रोज खर्च जाऊन दोन हजार कमावत असेल, तर चार दिवसांत आठ हजार बुडाले. इथे महाग पण त्याच दिवशी मिळणारा शाफ्टच स्वस्त पडला. उलट, नुसता क्रॉस बदलून गाडी संध्याकाळी सुटणार असेल, तर असेंब्लीची वाट पाहत आठवडा घालवणे हा तोटाच. पार्ट, मजुरी, बॅलन्सिंग, वाहतूक आणि उभे दिवस, या पाच आकड्यांची बेरीज करूनच निर्णय घ्यावा.

आणि गाडी रस्त्यातच बंद पडली, ओढून आणायची वेळ आली, तर एक गोष्ट विसरू नये. मागची चाके रस्त्यावर ठेवून लांबवर ओढायची असेल तर शाफ्ट आधी काढून घ्यावा. शाफ्ट तसाच ठेवला तर चाके गिअरबॉक्सला फिरवतात, पण इंजिन बंद असल्याने आत तेल नीट उडत नाही. मग टोकावड्याहून शहाडपर्यंत येता-येता हजारांच्या क्रॉसपायी लाखाचा गिअरबॉक्स जायचा. काढताना चाकाला गुटके लावायचे, हे पुन्हा सांगायला नकोच.

पुढच्या वेळी ग्रीस करताना ड्रायव्हरने स्वतः वाकून चारही कॅप बघाव्यात आणि तारीख, किलोमीटर वहीत लिहून ठेवावे. शाफ्टचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.